गुणी मुलांचे दुखणे

शाळकरी मुलाने जीव दिल्याची बातमी आली की तिसऱ्या-चौथ्या ओळीत एक वाक्य ठरलेले असते: मुलगा अभ्यासू, शांत, समजूतदार होता, कधी कुणाला उलटून बोलला नाही. शेजारी तेच सांगतात, वर्गशिक्षकही तेच सांगतात. असे मूल असे कसे करेल, हे कोडे त्या वाक्यामागे असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशभरातल्या १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यांत सर्वाधिक, म्हणजे १,७६४, महाराष्ट्रातल्या आहेत. तरीही हे कोडे दरवेळी नव्याने पडते. याचे कारण आपला एक पक्का समज: मूल गुणी असले की त्याच्या मनाला आजार शिवत नाही.

ब्रिटिश बालमनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये पंचवीस विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. मुलांच्या अडचणी आणि जमेच्या बाजू अशा दोन्ही तपासणारी ही प्रश्नावली आज जगभर वापरली जाते. तिच्यातली वीस विधाने भीती, पोटदुखी-डोकेदुखी, चुळबूळ, मारामारी, एकटे पडणे अशा अडचणींबाबत आहेत. उरलेली पाच चांगुलपणाची: दुसऱ्याच्या मनाचा विचार करतो का, आपल्या वस्तू इतरांना देतो का, लहानांशी मायेने वागतो का. अडचणींची बेरीज करताना फक्त ती वीस विधाने धरतात; चांगुलपणाचे पाच त्यातून वजा करत नाहीत. हिशेब एवढा सरळ आहे. घरात मात्र आपण वजाबाकी करूनच बसतो. मुलगी रात्र-रात्र जागी असते, जेवत नाही, पण आजीचे सगळे प्रेमाने करते ना, मग ठीक आहे!

गुणांचा उपयोग नाही असे मुळीच नाही. पीटरसन आणि सेलिगमन या मानसशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये स्वभावातल्या चोवीस बलस्थानांची यादी मांडली. त्यानंतरच्या अभ्यासांत आशा, उत्साह, जिव्हाळा हे गुण ज्या मुलांत अधिक, त्यांच्यात नैराश्याची लक्षणे कमी, असे दिसत आले. पण यातले कारण कोणते आणि परिणाम कोणता? नैराश्य आले की सर्वांत आधी गळतात ते आशा आणि उत्साह हेच. म्हणजे ज्याला आपण ‘हल्ली आळशी झालाय, कशातच रस घेत नाही’ म्हणून दटावतो, त्याचा स्वभाव बिघडलेला नसेलही, तो आजारी असेल. तापाने फणफणलेल्या पोराला कुणी धावायला सांगत नाही.

या बाबतीत बिहारमधले दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहावेत. पहिला प्रयोग ५७ सरकारी शाळांतल्या तेवीसशेवर मुलींमध्ये झाला. त्यात मुलींना स्थानिक स्त्रियांनी स्वतःची बलस्थाने ओळखणे, राग-दुःख आवरणे, भांडण मिटवणे अशा गोष्टी शिकवल्या. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलींचा आत्मविश्वास वाढला, कणखरपणा वाढला, समाधानही वाढले. नैराश्य मात्र घटल्याचे दिसले नाही. (अभ्यासकांनी हे न लपवता छापले. आपल्याकडच्या उपक्रमांच्या अहवालांत अशी वाक्ये सहसा सापडत नाहीत.)

दुसरा प्रयोग नालंदा जिल्ह्यातल्या शाळांत गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेने इतरांच्या साथीने केला. त्यात मुलाला सुधारण्याऐवजी शाळेचे वातावरण बदलण्यावर भर होता: मनातले लिहून टाकायला पेटी, भित्तिपत्रिका, दर महिन्याला एखाद्या विषयावर चर्चा आणि गरज पडली तर समुपदेशन. हे काम करणारी माणसे डॉक्टर नव्हती, प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ने त्याचे निष्कर्ष छापले. वातावरण सुधारले, दादागिरी आणि हिंसा कमी झाली आणि नैराश्यही घटले. हेच काम ज्या शाळांत शिक्षकांवर सोपवले होते, तिथे मात्र फरक पडला नाही. शिक्षकांना वेळ नसतो, हे एक. शिवाय जो तोंडी परीक्षेचे मार्क देतो, त्याच्यापुढे मूल मन उघडे करत नाही, असा आमचा तर्क आहे.

दोन्ही प्रयोगांची मोजमापे वेगळी होती, तेव्हा त्यांची शर्यत लावू नये. तरी बोध पुरेसा आहे. मुलाला कणखर करणे चांगलेच, पण त्याला छळणारी शाळा, घर, परीक्षा तशीच ठेवून सगळा भार त्याच्या कणखरपणावर टाकणे म्हणजे मोठ्यांनी अंग काढून घेणे होय. आजकाल शाळाशाळांतून होणाऱ्या ‘सकारात्मक विचारां’च्या व्याख्यानांकडे आम्ही याच कारणाने संशयाने पाहतो. दोन तासांत वक्ता टाळ्या घेऊन जातो आणि ज्या पोराला त्या टाळ्यांत सामील होता आले नाही, त्याला वाटते की खोट आपल्यातच आहे.

त्यातही सर्वांत धोक्यात असतात ती ‘हिचे काही बघावेच लागत नाही’ अशा कौतुकाची धनी झालेली मुले. जिद्द असलेला मुलगा शिकवणीच्या गावात खोली घेऊन राहतो, चाचणीत घसरतो, आणि जिद्दीपायीच घरी काही कळू देत नाही. समजूतदार थोरली बाबांच्या कर्जाचा विचार करून स्वतःची घालमेल गिळते. यांचे गुणच दुखण्यावर पांघरूण घालतात, आणि आपण त्या पांघरुणाचे कौतुक करत राहतो.

शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले आहे. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीची १४४१६ ही विनामूल्य सेवा अहोरात्र चालू असते, तिथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक वर्गाच्या फळ्याशेजारी लिहिलेला असायला काय हरकत आहे? पालकसभेला जाल तेव्हा टक्केवारीआधी दोन गोष्टी विचारा: शाळेत समुपदेशक आहे का, आणि वर्गशिक्षकांना न सांगता मुलाला त्याच्याकडे जाता येते का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर तो समुपदेशक केवळ कागदावर आहे असे समजा आणि तसे मुख्याध्यापकांना तोंडावर सांगा.