आजीबाईचा बटवा आणि रोजेदार

रमजान सुरू झाला की काष्ठौषधीच्या दुकानासमोर असरच्या नमाजनंतर गर्दी वाढते. कुणाला सब्जा हवा असतो, कुणाला इसबगोल, कुणाला जोशांद्याची पुडी. त्याच गर्दीत घरच्या बाळंतिणीसाठी डिंक, अळीव आणि सुंठ घ्यायला आलेली एखादी आजी पिशवी सावरत उभी असते. एक जण ‘मुलेठी’ मागतो, दुसरी ‘ज्येष्ठमध’. दुकानदार दोघांनाही एकाच डब्यातून काढून देतो.

आजीबाईचा बटवा आणि नानीचे नुस्खे असे दोन शब्द असले, तरी माल बहुतेक एकच. इफ्तारच्या शरबतात फुगलेला सब्जा तुळशीच्याच कुळातला. उर्दूत त्या रोपाला रैहान म्हणतात. कलौंजीला आपल्याकडे सर्रास ‘कांद्याचे बी’ म्हणतात, पण तिचा कांद्याशी काही संबंध नाही, आणि हे दुकानदाराला कितीही सांगितले तरी पाटी बदलत नाही. ‘इसबगोल’ म्हणजे फारसीत घोड्याचा कान. बी हातात घेऊन पाहिले की नाव का पडले ते कळते. मलम, जुलाब, गुलकंद, अर्क, इलाज, दवाखाना हे शब्द मराठी माणूस दिवसातून किती वेळा उच्चारतो! यातला ‘जुलाब’ तर मुळात ‘गुलाब’, म्हणजे गुलाबपाणी. आणि ही ये-जा एकाच दिशेने झाली नाही. बगदादच्या अब्बासी खलिफांच्या काळात चरक आणि सुश्रुत अरबीत गेले. युनानी हकिमांनी जालिनूस आणि इब्न सिना वाचले तसे हेही वाचले.

घरातल्या बाया अर्थात यातले काही वाचून शिकल्या नाहीत. त्यांनी पाहून शिकले. रोज्याच्या पहिल्या तीन-चार दिवसांत दुपारी डोके का धरते, हे जुन्या नानींना पक्के ठाऊक होते. म्हणून त्या शाबान महिन्यातच घरातला एकेक कप चहा कमी करत आणत. सहरीला खारवलेले लोणचे आणि पापड ताटात येऊ देत नसत, कारण मग दिवसभर घसा कोरडा पडतो. इफ्तारला आधी खजूर आणि पाणी, मग नमाज, मग जेवण. मधली ती दहा मिनिटे रिकाम्या पोटाला उसंत देतात. भज्यांच्या ताटावर तुटून पडणाऱ्या नातवाचा हात त्या तिथल्या तिथे धरत. सब्जा पुरता भिजल्याशिवाय आणि इसबगोल भरपूर पाण्याशिवाय कुणाला देत नसत. कोरडा घेतला तर तो घशातच फुगतो. यातल्या निम्म्या गोष्टींना औषध म्हणताच येणार नाही, त्या सवयी होत्या. उपयोग मात्र त्यांचाच जास्त होता.

आज या बटव्यातले जिन्नस तेवढे पुढच्या पिढीकडे आले आहेत, त्यांच्यासोबतची ताकीद मागे राहिली आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या नुस्ख्यात मेथी किती चमचे ते असते. कुणी घेऊ नये, किती दिवस घ्यावी, कधी थांबावे ते नसते. नानीच्या तोंडी मात्र पुडी देण्याआधी प्रश्न असे: कित्ते दिन से है? बुखार है क्या? पेट से तो नहीं ना? आणि उत्तर मनासारखे आले नाही, तर पुडी परत डब्यात जाई आणि रिक्षा बोलावली जाई.

रमजानमध्ये ही विसरलेली ताकीद जिवावर बेतू शकते. मधुमेह असलेली कित्येक वयस्क मंडळी रोजा ठेवतात, गोळी मनानेच बंद करतात आणि रात्री भिजवलेल्या मेथीच्या पाण्यावर महिना काढू पाहतात. मेथीने, कारल्याने साखर थोडीफार उतरतही असेल, पण ती गोळीची जागा घेत नाही. गोळी तशीच ठेवून दिवसभर उपाशी राहिले तर उलटाच धोका, साखर एकदम खाली जाते. म्हणून रमजानच्या आधीच डॉक्टरांकडे जाऊन गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा बदलून घ्यायला हव्यात. साखर ७० च्या खाली गेली तर रोजा तिथेच सोडावा, असे मधुमेहतज्ज्ञ सांगतात. बोटाला सुई टोचून ती तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे, तरी लोक कचरतात. आजारी माणसाला आणि प्रवाशाला कुरआनने रोज्यातून सूट दिली आहे, नंतरच्या दिवसांत तो भरून काढण्याची मुभा दिली आहे. ती सूट घेण्यात कमीपणा कसला?

नवजात बाळाला मध चाटवण्याची रीतही अशीच. ती मोहल्ल्यात आहे, वाड्यातही आहे. घुटी म्हणा की बाळगुटी. पण वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून एका गंभीर विषबाधेचा धोका असतो, हे आता पक्के माहीत आहे. हदीसमध्ये ज्या तहनीकचा उल्लेख येतो ती खजुराची आहे, आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय बाळाला काही नको, हे दवाखान्यातली नर्सही सांगते. ईदच्या सकाळी लहानग्यांच्या डोळ्यांत घालायच्या सुरम्याचे काय? बाजारातल्या बऱ्याच सुरम्यात शिसे असते, आणि शिसे मुलांच्या मेंदूला घातक. नवे कपडे, शीरखुर्मा, ईदी एवढ्याने ईद उणी राहत नाही.

हे ऐकून काहींना वाटते की आपल्या परंपरेलाच नावे ठेवली जात आहेत. हकीम अजमल खान यांना तसे वाटले नसते. १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसचे अध्यक्षपद भूषवणारे हे हकीमसाहेब नाडी पाहण्यात नावाजलेले. पण जुन्या बुटींची तपासणी प्रयोगशाळेत व्हावी, हा त्यांचाच आग्रह होता. त्यांच्या दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दिकी यांनी १९३१ साली सर्पगंधेच्या मुळापासून एक द्रव्य वेगळे केले आणि हकीमसाहेबांच्या नावावरून त्याला ‘अजमलीन’ म्हटले. त्याच सर्पगंधेवर मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांवरचे आपले अनुभव १९४९ साली ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात मांडले आणि रक्तदाबावरचे हे देशी औषध जगाने घेतले. एक हकीम, एक रसायनशास्त्रज्ञ, एक पारशी डॉक्टर. मूळ मात्र कुठल्यातरी जंगलातल्या, नाव न राहिलेल्या माणसाने ओळखलेले. खुद्द पैगंबरांनी आजारी सोबत्याला हारिस बिन कलदा या वैद्याकडे जायला सांगितले होते, तेव्हा दुआ आणि दवा यांत भांडण लावण्याचे कारणच नाही.

आणखी एक अडचण आहे, तिच्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. बऱ्याच घरांत नानीची वही उर्दूत आहे आणि नात मराठी माध्यमात शिकते. वही कपाटात आहे, पण घरात ती वाचणारे कुणी उरलेले नाही. मोडीतल्या वह्यांचे जे झाले तेच. इफ्तारच्या आधीचा अर्धा तास बहुतेक घरांत घड्याळाकडे बघण्यात जातो. तेवढ्यात नानीशेजारी बसून देवनागरीत चार पाने उतरवून होतात. शेजारच्या काकूंच्या काढ्याचे प्रमाणही त्यातच लिहायला हरकत नाही. गावात एका घरी हे सुरू झाले आहे. नात विचारते, नानी सांगते. परवा नातीने जोशांद्याखाली लिहिले, ‘बनफशा चिमूटभर’. नानीने तिला थांबवले. आधी वर लिही म्हणाली, पाच दिवसांत खोकला गेला नाही तर छातीचा फोटो. मग विचारले, चिमूट किसकी, तेरी या मेरी?