खिचडी म्हणे!

फ्युजन म्हणजे खिचडी, असं अमरावतीची आमची मैफलवाली मंडळी म्हणतात. अकोल्याचे व्याहीही त्यांना सामील. मला नाही पटत. शोभा गुर्टूंची ठुमरी डोक्यावर घ्यायची अन् त्यांच्या लेकाला, त्रिलोकला, परकं करायचं? त्याच्या १९८८च्या 'उसफ्रेट'मध्ये खुद्द शोभाताई गायल्यात!

गिटारवाल्या जॉन मॅक्लॉफ्लिनच्या त्रयीची २७ नोव्हेंबर १९८९ची लंडनची मैफल ऐका, रॉयल फेस्टिव्हल हॉलमधली. त्रिलोकच्या तालवाद्यांकडे लक्ष जाणारच. पण कान काई एकहार्टच्या बास गिटारवर ठेवा. एकल तबल्यात लेहरा धरणारा तेच आवर्तन वाजवत बसतो, बिचाऱ्याला दाद नाही. काई तसाच आधार देतो, अन् मध्येच हक्कानं स्वतः बोलायलाही लागतो. तिघंही वेगवेगळे ऐकू येतात. खिचडीतले डाळ-तांदूळ असे निवडता येतात का हो?