कार्डाचा बट्टा कोणाच्या माथी?

मराठवाड्यातील जुन्या घरांतून हाली आणि कलदार हे दोन शब्द अजून ऐकू येतात. हैदराबाद संस्थानचे नाणे ते हाली, इंग्रजी मुलखाचे ते कलदार. १९११ साली बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोहोचली आणि लातूरच्या मोंढ्यातील माल इंग्रजी मुलखात सुकरतेने जाऊ लागला. पण तेथील देवघेव कलदारातच व्हावयाची. अखेरच्या काळात सात हाली रुपयांना सहा कलदार असा दर होता, आणि एक नाणे देऊन दुसरे घ्यावयाचे तर मधल्या सराफाला बट्टा मोजावा लागे. माल तोच, त्याची किंमतही तीच. केवळ पैशाचे रूप पालटायचे म्हणून द्यावयाची ही रक्कम. हाली सिक्का १९५९ साली कायद्यानेही चलनबाह्य झाला. बट्टा मात्र शिल्लक राहिला. आज तो प्लास्टिकच्या कार्डाच्या पाठीवर बसून दुकानाच्या गल्ल्यापर्यंत आला आहे.

नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत थोडी मोठी खरेदी करणाऱ्याला हा अनुभव नवा नाही. घासाघीस होऊन भाव ठरतो, गिऱ्हाईक खिशातून कार्ड काढते आणि दुकानदार म्हणतो, "कार्डावर दोन टक्के जादा पडतील, साहेब. बँक आमच्याकडून कापते." गिऱ्हाईक कुरकुरते, कधी दोन टक्के देते, कधी एटीएमच्या शोधात निघते. शिकवणी वर्गाची फी भरणाऱ्या पालकालाही हेच वाक्य ऐकावे लागते. दुकानदार लबाड, असा ग्राहकाचा समज होतो. ग्राहक हटवादी, असा दुकानदाराचा. ज्या तिसऱ्या पक्षासाठी हे दोघे भांडत असतात तो त्या वेळी तेथे नसतोच.

प्रथम नियम काय आहे ते पाहिले पाहिजे, कारण या वाक्यात अर्धे सत्य आहे आणि अर्धी लबाडी. डेबिट कार्डावर, म्हणजे ज्या कार्डाने ग्राहकाच्या स्वतःच्या खात्यातील पैसा वळता होतो त्या कार्डावर, दुकानदाराने जादा आकार घेणे रिझर्व्ह बँकेला मान्य नाही. २५ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात तिने हे स्पष्ट केले, आणि असा आकार घेणाऱ्या दुकानदाराशी बँकेने संबंध संपवावेत इतपत भाषा वापरली. ६ डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकात हा भार ग्राहकावर ढकलला जाणार नाही याची दक्षता घेण्यास बँकांना पुन्हा बजावले. त्याच परिपत्रकाने बँकेने दुकानदाराकडून किती घ्यावे याचीही मर्यादा घालून दिली. वर्षाची उलाढाल वीस लाखांपर्यंत असलेल्या दुकानदाराला शेकडा ०.४० आणि एका व्यवहारामागे फार तर २०० रुपये; त्याहून मोठ्याला शेकडा ०.९० आणि फार तर १,००० रुपये. १ जानेवारी २०२० पासून तर रूपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवर दुकानदाराकडून काहीच घ्यावयाचे नाही असे ठरले. जनधन खात्यावर मिळालेले कार्ड हे रूपेच असते.

आता हिशेब मांडावा. एक लाखाचा दागिना मोठ्या सराफाकडून डेबिट कार्डावर घेतला, तर बँक सराफाकडून ९०० रुपये कापणार, त्यावर अठरा टक्के जीएसटी. "दोन टक्के" म्हणून सराफाने ग्राहकाकडून २,००० रुपये घेतले, तर बँकेचे देणे भागवून सुमारे ९४० रुपये त्याच्याच गल्ल्यात राहतात. लहान दुकानदाराने दहा हजारांच्या शिलाई यंत्रावर दोनशे मागितले, तर त्याचा स्वतःचा खर्च चाळीस रुपये आणि वरचा कर एवढाच. कार्ड रूपे असेल तर तेवढाही नाही. "बँक कापते" हे खरे. पण किती कापते हे न सांगता दुप्पट किंवा पाचपट घेणे याला नफेखोरी म्हणतात, आणि ती लहान दुकानदाराने केली म्हणून तिचे नाव बदलत नाही.

छापील किमतीच्या वस्तूंबाबत तर प्रश्न आणखी सरळ आहे. वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. त्याहून अधिक घेणे हा वैधमापनशास्त्राच्या नियमांचा भंग आहे. चार हजार छापील किमतीच्या मिक्सरवर चार हजार अधिक ऐंशी घेतले, तर ते ऐंशी रुपये कशाबद्दल हा प्रश्नच उद्भवत नाही. ते छापील किमतीच्या वर आहेत, एवढे पुरेसे आहे. अर्थात चतुर दुकानदार असे करीत नाही. तो छापील किमतीच्या खाली भाव सांगतो आणि ही सवलत रोखीवरच आहे असे म्हणतो. गणिताच्या दृष्टीने रोखीची सवलत आणि कार्डावरील जादा आकार ही एकच गोष्ट. परंतु पहिलीला सहसा कोणी हरकत घेत नाही आणि दुसरी नियमबाह्य ठरते. ग्राहकाने याबाबत भाबडे राहू नये.

हे झाले डेबिट कार्डाचे. क्रेडिट कार्डाची कथा वेगळी आहे, आणि खरे दुखणे तेथे आहे.

क्रेडिट कार्डावर बँकेने दुकानदाराकडून किती घ्यावे याला रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातलेली नाही. साधारणतः दोन टक्क्यांच्या आसपास कापले जातात. मोठ्या साखळी दुकानांना घासाघीस करता येते, गोलाईतल्या एकट्या दुकानदाराला मशीन देणारी बँक सांगेल तो दर. या रकमेचा मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, काही मशीन देणाऱ्या बँकेकडे, काही कार्डाचे जाळे चालविणाऱ्या कंपनीकडे. त्यातूनच कार्डधारकाला गुण, परतावा, विमानतळावरील आरामकक्ष असली प्रलोभने दिली जातात. हा भार ग्राहकावर टाकू नये हे बंधन क्रेडिट कार्डालाही आहे, पण ते मुख्यतः दुकानदार आणि बँक यांच्यातील करारात व कार्ड कंपन्यांच्या नियमपुस्तकात. ज्या ग्राहकाच्या रक्षणासाठी तो नियम आहे असे सांगितले जाते, त्याने तो करार कधी पाहिलेला नसतो. कराराचा तो पक्षकार नाही. दुकानदारानेही पाहिला असेल तर इंग्रजीत, बारीक अक्षरांत. हक्क म्हणून जे सांगितले जाते ते वस्तुतः दोन व्यावसायिकांमधील खाजगी कलम आहे.

दुकानदाराची बाजूही समजून घेतली पाहिजे. मोंढ्याच्या कडेला किराणा विकणाऱ्याचा नफा शेकड्याला मोजक्या रुपयांचा. त्यातून दोन टक्के आणि वर मशीनचे भाडे गेल्यावर उरते काय? त्याने शंभर-दोनशेच्या खरेदीला कार्ड नाकारले, तर त्याला दुष्ट ठरविण्यात अर्थ नाही. कार्ड घेतलेच पाहिजे अशी कायद्याची सक्ती त्याच्यावर नाही. रूपे डेबिट कार्ड आणि यूपीआयची सोय ठेवण्याची सक्ती आहे ती पन्नास कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना. आणि हा लहान दुकानदार नियम पाळणारा निघाला, जादा आकार घेत नाही म्हणाला, तर तो काय करतो? दोन टक्के सर्वच मालाच्या भावात मिसळतो. मग साखर आणि तेल रोखीने घेणारा मोंढ्यातील हमाल, ज्याच्याजवळ क्रेडिट कार्ड नाही आणि कोणतीही बँक त्याला ते देणार नाही, तोही ते दोन टक्के भरू लागतो. त्याच्या पैशातून कोणा सुखवस्तू कार्डधारकाला मुंबईच्या विमानतळावर फुकट चहा मिळतो. गरिबाकडून श्रीमंताकडे पैसा नेण्याचे असे शांत, बिनबोभाट साधन शोधूनही सापडणार नाही. बट्टा उघडपणे मागणारा सराफ यापेक्षा प्रामाणिक म्हटला पाहिजे.

यावर उपाय नाही असे नाही. युरोपीय संघाने २०१५ च्या नियमनाने दुकानदाराच्या बँकेने कार्ड देणाऱ्या बँकेला द्यावयाची रक्कम डेबिटला शेकडा ०.२० आणि क्रेडिटला शेकडा ०.३० यावर आणून बांधली. त्यानंतर, जानेवारी २०१८ पासून, अशा बहुतेक कार्डांवर ग्राहकाकडून जादा आकार घेण्यास कायद्यानेच मनाई केली. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी बँकेचा वाटा बांधला, मग दुकानदाराचा हात धरला. ऑस्ट्रेलियाने २००३ मध्ये उलट मार्ग धरला, म्हणजे दुकानदाराला आकार घेण्याची मोकळीक दिली. परंतु प्रत्यक्ष खर्चाहून अधिक घेतले जाते असे दिसल्यावर त्यालाही पुढे मर्यादा घालावी लागली. हे काही समाजवादी देश नव्हेत. भारतात रिझर्व्ह बँकेने १७ ऑगस्ट २०२२ रोजी या आकारांविषयी चर्चापत्र प्रसिद्ध केले, त्यात क्रेडिट कार्डाचा प्रश्नही होता. चर्चा झाली. मर्यादा आली नाही.

आणि सरकार स्वतः काय करते? कार्डाने व डिजिटल मार्गाने पैसे भरणाऱ्यांवर सरकारी खात्यांनी अधिभार लावू नये असे धोरण केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये स्वीकारले. राज्याच्या मालकीच्या महावितरणने मात्र वीजबिलाचा ऑनलाइन भरणा निःशुल्क असल्याचे सांगताना "क्रेडिट कार्ड वगळून" हे शब्द वर्षानुवर्षे जोडले. रेल्वेच्या ऑनलाइन तिकिटावर "सुविधा शुल्क" आहेच. जे दुकानदाराने घेतले तर नियमभंग, ते सरकारी कंपनीने घेतले की सुविधा!

येथे व्याजाचाही उल्लेख करणे भाग आहे. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली ठरलेले दर असे, की शेतकऱ्याला विनातारण कर्जावर सावकाराने वर्षाला बारा टक्क्यांहून आणि इतरांना अठरा टक्क्यांहून अधिक व्याज लावू नये. क्रेडिट कार्डाची थकबाकी राहिली तर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के, हा दर नवलाचा नाही. तीस टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटले होते. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. तेव्हा कार्ड हे पैसे देण्याचे साधन म्हणून वापरावे, उसनवारीचे म्हणून नव्हे, असे पगारदार कार्यकर्त्यांनाही सांगण्याची वेळ आली आहे.

ग्राहकाच्या बाजूने जे नियम खरोखर बळकट आहेत, ते मात्र फारसे कोणाला ठाऊक नाहीत. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला पंजाबहून आलेला यात्रेकरू दुकानात कार्ड देतो, खात्यातून पैसे गेल्याचा संदेश येतो, पण मशीनमधून पावती निघत नाही. दुकानदार म्हणतो पैसे आले नाहीत. यात्रेकरू पुन्हा रोख देऊन गाडी पकडतो. अशा वेळी २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे बँकेने ती रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपणहून परत केली पाहिजे. त्यापुढे दर दिवसाला शंभर रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता. कार्डाची चोरी वा नक्कल होऊन परभारे पैसे गेले, तर ६ जुलै २०१७ चे परिपत्रक पाहावे. दोष ग्राहकाचा नाही, बँकेचाही नाही, आणि ग्राहकाने तीन कामाच्या दिवसांत कळविले, तर त्याच्यावर एक पैशाचीही जबाबदारी नाही. चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत ती मर्यादित राहते. ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर आहे. सहकारी बँकांनाही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अशीच तरतूद लागू झाली. मराठवाड्यात, जेथे असंख्यांची खाती सहकारी बँकांत आहेत, हे विशेष सांगितले पाहिजे. मात्र पिन किंवा ओटीपी स्वतःच कोणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान ज्याचे त्याला.

महागाईविरुद्ध १९७० नंतरच्या दशकात मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा साठेबाज कोण आणि त्याचे गोदाम कोठे हे दाखविता येत होते. आजचा बट्टा घेणारा दिसत नाही, हीच त्याची ताकद आहे. त्यामुळे मागणी नेमकी हवी. क्रेडिट कार्डावरील आकाराला, निदान लहान दुकानदारांपुरती, डेबिट कार्डासारखी मर्यादा घालावी. जादा आकाराची मनाई करारातून काढून कायद्यात आणावी. ज्या दुकानात मशीन आहे तेथे कोणत्या कार्डाला किती आकार बँक घेते, हे मराठीत लिहिलेला फलक बँकेच्या खर्चाने लागावा. या मागणीत दुकानदार आणि ग्राहक एका बाजूला उभे राहू शकतात. व्यापारी संघटनांशी बोलण्यास पक्षाच्या कार्यकर्त्यांनी संकोच करण्याचे कारण नाही.

तोवर तालुक्याच्या ठिकाणी करण्यासारखे काम आहे. जादा आकार घेतला गेला तर तो पक्क्या बिलावर लिहून मागावा. बिल देण्याचे नाकारणे हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. पुष्कळदा लिहून मागताच आकार नाहीसा होतो. नाही झाला, तर तक्रार दुकानाला मशीन देणाऱ्या बँकेकडे करावयाची, आपल्या कार्डाच्या बँकेकडे नव्हे. आणि छापील किमतीहून अधिक घेतले असेल तर जिल्ह्याच्या वैधमापनशास्त्र कार्यालयातही. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचे दार आहे, आणि नांदेड व लातूर दोन्ही ठिकाणी जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, मुदत दोन वर्षांची. मशीनमधून निघणारी चिठोरी मात्र फेकू नये. ती बँक कोणती आणि मशीनचा क्रमांक काय, हे सहसा तिच्यावरच छापलेले असते, आणि तिची शाई काही महिन्यांत उडते. म्हणून त्याच दिवशी तिचे छायाचित्र काढून ठेवावे.