संसद उरली, भाषा गेली!

वाचकहो, आयरिश समुद्रातील आइल ऑफ मॅन हे बेट ब्रिटिश राजसत्तेच्या अंकित. तरी युनायटेड किंगडमचा भाग नव्हे. कर व कायदे तेथील टिनवाल्ड ही संसद ठरवते. संरक्षण लंडनकडे, पण लंडनच्या संसदेत बेटाचा एकही सभासद नाही!

एवढ्या स्वायत्ततेत भाषा तरी तगली काय? मँक्स जिची मायबोली होती असा अखेरचा माणूस, नेड मॅड्रेल, १९७४ साली वारला. टिनवाल्डने तिला मान्यता दिली ती १९८५ साली!

१९६७ च्या जनमत कौलात, वेगळे राहिलो तरच स्वत्व टिकेल, असे गोमंतकीयांना सांगण्यात आले. वेगळी विधानसभा भाषा राखीत नाही. बोलणारी माणसे राखतात. ती सह्याद्रीपलीकडे कोट्यवधी आहेत, म्हणून आमचा विलीनीकरणाचा आग्रह. पण वाचकहो, आपल्या घरात ती किती उरली?