केबल नको, नळी द्या

कुठल्याही नव्या स्कीमचं ब्रोशर उघडून बघा. व्हिट्रिफाइड टाइल्स, ग्रॅनाइटचा ओटा, व्हिडिओ डोअर फोन... आणि खाली कोपऱ्यात एक ओळ : 'टीव्ही व टेलिफोन पॉइंट, हॉल आणि मास्टर बेडरूम'. लँडलाइन बहुतेकांच्या घरातून गेली, पण पॉइंट आपला भिंतीत आहेच!

माझं स्पष्ट मत असं, की बिल्डरशी केबलवरून भांडूच नका. भांडायचं तर रिकाम्या नळीसाठी भांडा. का? सोप्पं आहे. आधी केबल टीव्हीची जाड कोॲक्स आली, मग इंटरनेटची कॅट-५, आता फायबर. दर वेळी माणूस ड्रिल घेऊन येतो, खिडकीच्या चौकटीला भोक पाडतो आणि वायर स्कर्टिंगवरून खिळे ठोकत नेतो. नळी असेल तर जुनी ओढा, नवी घाला, विषय संपला.

"पण वायफाय आहे ना?" आहे की! पण वायफायच्या डब्यापर्यंतही वायरच येते. शिवाय हल्ली बऱ्याच टॉवर्समध्ये अ‍ॅल्युमिनियम फॉर्मवर्क (साईटवरच्या भाषेत 'मायवान') वापरतात. म्हणजे आतल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल अशा दोन भिंतींपलीकडे पार मलूल होतो. आणि या भिंतींना नंतर झिऱ्या मारता येत नाहीत, आत सळया असतात. नळी काँक्रीट ओतण्याआधीच बसवावी लागते. म्हणून पझेशनला जागं होऊन उपयोग नाही.

तर मागायचं काय? दाराजवळ किंवा लॉफ्टखाली एक बॉक्स, त्यात प्लग पॉइंट (फायबरच्या डब्याला वीज लागते हो!). तिथून बाहेरच्या डक्टपर्यंत एक नळी आणि प्रत्येक खोलीत एकेक, २५ मिमीची. काटकोनी एल्बो नको, मोठ्या गोलाईचे बेंड हवेत. आत ओढायला नायलॉनची दोरी. विजेच्या वायरी वेगळ्या नळीत. केबल तुम्हीच आणा : कॅट-६ वर १० गिगाबिट साधारण ५५ मीटरपर्यंत जातं, फ्लॅटला ते रग्गड झालं. फक्त शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्तात मिळते, पण ती प्रमाणांत बसत नाही.

बिल्डर म्हणेल, "सर, एवढं कोणी मागत नाही." बरोबर आहे, म्हणूनच कोणी देत नाही! २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मंजूर नकाशे आणि स्पेसिफिकेशन्स मागायचा हक्क आपल्याला आहे. त्यासोबत इलेक्ट्रिकल लेआउटही मागा, नळ्यांचं काम लेखी घ्या. आणि काँक्रीट पडण्याआधी जाऊन मोबाइलवर भिंतींचे फोटो काढून ठेवा. पुढे खिळा ठोकतानाही ते कामाला येतील.

असो. हप्ते आपण वीस वर्षं भरणार. तेवढ्यात वायर दोनतीनदा तरी बदलेल. टाइल्सचा रंग काय, पुढच्या शनिवारीही ठरवता येतो.