सट्ट्याच्या पैशावर क्लब जगतात काय?

लँकेशायरमधील ‘बरी’ हे कापूस-गिरण्यांचे जुने गाव. तेथील फुटबॉल क्लब १८८५ साली स्थापन झाला. इंग्लंडचा एफ. ए. चषक त्याने १९०० व १९०३ असा दोनदा जिंकला. हा क्लब २७ ऑगस्ट २०१९ रोजी इंग्लिश फुटबॉल लीगने आपल्यातून काढून टाकला. त्या दिवशी शेकडो पाठीराखे गिग लेन मैदानावर जमून बाकांवरची धूळ पुसत होते. सामना होईल, अशी आशा त्यांनी तोवर सोडली नव्हती.

मैदान गहाण, डोक्यावर कर्ज, अशा अवस्थेत डिसेंबर २०१८ मध्ये क्लब एका पौंडाच्या मोबदल्यात नव्या मालकाच्या हाती गेला होता. पुढे खेळाडूंचे पगार थकले. आणि पगार थकलेल्या याच खेळाडूंनी त्या हंगामात संघाला वरच्या श्रेणीत नेले. कामगाराने काम चोख करावे आणि मालकाने कारखाना बुडवावा, हा प्रकार मुंबईच्या गिरणगावाला अपरिचित नाही.

हकालपट्टी करणाऱ्या लीगच्या नावामागे २०१३ पासून ‘स्काय बेट’ या सट्टा-कंपनीचे नाव लागलेले होते. बरीचा क्लब सट्ट्याने बुडाला, असे आमचे म्हणणे नाही. तो बुडाला बेहिशेबी खर्चाने, कर्जाने आणि मालकीहक्काच्या निरंकुशपणाने. परंतु सट्ट्याच्या जाहिरातींवर बंदीची मागणी निघाली की ‘मग छोटे क्लब बंद पडतील’ हे एकच उत्तर कारभाऱ्यांच्या ओठांवर तयार असते. सहा वर्षे हा आश्रय चालू असताना बरीचा क्लब गेला. त्याला त्या आश्रयाने वाचवले नाही, या वस्तुस्थितीचे ते काय करणार?

आणि हा पैसा येतो कोठून? ब्रिटनच्या २००५ च्या जुगार कायद्याने, तो सप्टेंबर २००७ मध्ये पूर्णपणे अमलात येताच, सट्टेवाल्यांना दूरचित्रवाणीवरील जाहिरातींचे दार मोकळे करून दिले. पुढे पेढी खिशातल्या फोनमध्ये आली. क्लबला मिळणारी देणगी त्याच क्लबच्या पाठीराख्यांनी हरलेल्या पैशातून येते. न्यूयॉर्कच्या कापूस-भावांवरचा आकडा आमच्याकडे मटका झाला, तेव्हा पगाराच्या दिवशी घरी काय पोचत असे, हे चाळीतल्या बायकांना विचारावे. मात्र मटकेवाल्याने तालमीला आपले नाव दिले नव्हते, एवढा फरक.

जुगारापायी पोटची मुले आत्महत्या करून गेलेले पालक इंग्लंडमध्ये एका मैदानापासून दुसऱ्या मैदानापर्यंत पायी मोर्चे काढीत आले आहेत. त्यांची मागणी साधी आहे : फुटबॉलने ही जाहिरात सोडावी. धनाढ्य प्रीमियर लीगच्या क्लबांनी एप्रिल २०२३ मध्ये ठरवले ते एवढेच की, २०२५-२६ च्या हंगामानंतर सदऱ्याच्या छातीवर सट्टेवाल्याचे नाव नको. बाहीवर चालेल! खालच्या लीगने तर त्याच वर्षी स्काय बेटशी २०२९ पर्यंतचा करार केला.

सरकारने जुलै २०२५ मध्ये फुटबॉल कारभाराचा कायदा संमत केला. क्लबांचे हिशेब व मालकांची पात्रता तपासणारे स्वतंत्र नियामक मंडळ त्यातून आले. बरीच्या वाताहतीनंतर उठलेल्या ओरडीचे हे फळ आहे, आणि त्याचे आम्ही स्वागत करतो. पण सट्ट्याच्या जाहिरातींना या कायद्याने हात लावला नाही. मालकाच्या खिशाची झडती घ्यायची आणि पाठीराख्याचा खिसा कापणाऱ्याला दारात उभा ठेवायचा, हा कसला बंदोबस्त?

खुद्द बरीत लोक स्वस्थ बसले नाहीत. पाठीराख्यांच्या संघटनेने फेब्रुवारी २०२२ मध्ये देणग्या व सरकारी अनुदान यांच्या बळावर गिग लेन विकत घेतले. २०२३ मध्ये दुभंगलेले दोन गट मतदान घेऊन एकत्र आले आणि बरीचा संघ, पुष्कळ खालच्या श्रेणीत का होईना, आपल्या मैदानावर पुन्हा उतरला. संस्थेची घटना सहकारी धर्तीची आहे : एका सभासदाला एकच मत, मग त्याने भांडवल कितीही घातलेले असो.