फोटोची मागची बाजू

अमेरिकेत बेसबॉलच्या जुन्या फोटोंचे लिलाव होतात. खेळ झाल्यावर साधारण २ वर्षांच्या आत मूळ निगेटिव्हवरून छापलेली प्रत असली की भाव चढतो. हे ओळखायचं कसं? मागचा शिक्का बघून!

आपल्या सटाण्यात फोटोची मागची बाजू कोरीच. आजोबा गेले की टीममधला कोण कोण, कुणाला ठाऊक?

बाळू पालवणकरांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ विकेट काढल्या. जातीपायी हिंदू संघाचं कर्णधारपद मात्र त्यांना नाकारलं गेलं. त्या संघाचा फोटो नावांशिवाय हाती आला, तर आपल्यातले कितीजण बाळूंवर बोट ठेवतील?

लिलावाएवढे पैसे आपल्याकडे नाहीत, कबूल. पण रद्दीत किलोवर जाणारे टीमचे फोटो तरी उचला. मी उचलतो, विचारून मागे नावं लिहितो. पेन्सिलनंच, बॉलपेन पुढे उमटतं.